धुवायचा राहिलेला रोल

ओढा ओलांडून दोघं वर आले आणि म्हस्कूमामा पुन्हा थांबले. गळ्यातला कॅमेरा त्यांनी डोळ्याला लावला, बांधावरच्या बाभळीवर रोखला, श्वास धरला. रुपालीताईंना वाटलं, आता खटका वाजेल. पण वाजलं काही नाही. मामांनी कॅमेरा छातीवर सोडला आणि पुढं चालू लागले.

"मामा, ही तिसरी वेळ," ताई म्हणाल्या. "बाभळ काय पळून चालली होती?"

"बाभळीवर रोल घालवू व्हय? बाराशेला झालाय आता एक रोल. आन् बाभळीचा फोटो कोण भिंतीला लावतंय?"

"मग कुणाचा काढायचा ते तरी ठरवा. तीनच तर राहिलेत."

"ठरवतो की. दम धरा."

रविवार होता. गावापासून माळावरच्या बिरोबापर्यंत दीड कोस वाट. रुपालीताई गावच्या शाळेवर आठ वर्षं होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पुण्याला दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं, आणि जाताना मामांचा रोल धुवायला नेऊन देते असं त्यांनीच कबूल केलं होतं. आता शिरूरला रोल कुणी धूत नाही. पुण्यातही एखाददुसराच धुतो, तोही आठवड्याने देतो. आणि मामांची बायको अनसाबाई, त्यांच्या वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले होते. त्यांचा घरातला शेवटचा फोटो त्या रोलात होता.

रोल अकरा महिने कॅमेऱ्यातच होता. छत्तीसचा रोल, तेहतीसवर थांबलेला. ताई पहिल्यांदा म्हणाल्याही होत्या, "तीन कोरे राहिले तर राहू द्या, तसाच द्या धुवायला." त्यावर मामांनी त्यांच्याकडं असं बघितलं होतं, जणू कुणी उभ्या पिकात गुरं घाला म्हणालं.

"अर्धा रोल धुवायला टाकत न्हाईत, ताई."

त्यांच्या धंद्याची ती रीतच होती. रोल भरल्याशिवाय कॅमेरा उघडायचा नाही. बारशाचे चार फोटो, शाळेचे दहा, कुणा म्हाताऱ्याचा मेल्यावरचा एक, असं करत रोल भरायचा. मग सगळ्यांचं एकदमच धुतलं जायचं. बारशाचा फोटो यायचा तोवर पोर रांगायला लागायचं. कुणी कुरकुर केली की मामा म्हणायचे, "पोर मोठं झालं ते झालं, फोटोत हाय तसंच हाय न्हवं?"

मामांचे वडील गेणबा मेंढरं घेऊन घाटापर्यंत फिरणारे. पावसाळा सरला की मेंढरांचा वाडा हलायचा, घोड्यावर बिऱ्हाड, मागं कुत्री. म्हस्कू त्यांचा धाकटा. घोडनदीच्या बाजारात एका फोटोवाल्याच्या दारात तो जो उभा राहिला, तो मेंढरांकडं परत गेलाच नाही. गेणबा चार दिवसांनी काठी घेऊन आले. म्हणाले, "मेंढराच्या गळ्यात घंटा बांधत्यात. तू कशाला बांधून घेतलंस हे डबडं?" पण पुढं ते डबडंच घर चालवू लागलं. यष्टीस्टँडच्या मागं आठ बाय दहाचं दुकान, आतल्या अंगाला काळा पडदा आणि लाल दिवा. शिरूरपासून यवतपर्यंत कुणाचं लग्न निघालं की म्हस्कूला सांगावा यायचा. अनसाबाई यवतकडच्याच, तिथल्याच एका लग्नात मामांनी त्यांना करवल्यांच्या रांगेत बघितलं. "कॅमेऱ्यातनं बघितली," असं ते लाजत सांगायचे.

"तवा रोल शंभराच्या आत मिळायचा," मामा चालता चालता बोलू लागले. "मुंबईवाला माणूस खोकंच आणायचा. म्हणायचा, घ्या, पोरांनो. रंगीत धुवायला शिरूरात तीन दुकानं. सकाळी टाकला, संध्याकाळी कॉप्या हातात. आता बघा. रोल शोधायलाच पुण्याला जा, आन् दुकानातलं पोरगं इचारतंय, आजोबा, हे चालतं का अजून? म्हनलं, मी चालतोय तवर चालंल."

ताई हसल्या. "पण तेव्हाही तुम्ही चिक्कूच होता, मामा. लहानपणी माझ्या मावशीच्या लग्नात मी सात वेळा उभी राहिले तुमच्यापुढं. सात वेळा उजेड पडला. अल्बममध्ये मी एकदाही नाही!"

मामाही हसले. दात पडलेले, तरी हसणं मोकळं. "सातातला एक बी खरा नसणार. पोरांना आमी नुसता फ्लॅश मारायचो. फ्लॅशगनच्या पाठीला बटण असतंय. कॅमेरा डोळ्याला, आंगठा त्या बटणावर. उजेड पडतोय, पोर खूश, रोल जाग्यावर. समदेच करायचे तसं. न्हाईतर लग्नाला धा रोल लागलं असतं."

"म्हणजे फसवलंत की."

"फसवलं, व्हय." आणि मग हसू तोंडावरच विरून गेलं. वाट चढणीची होती. खडे पायाखाली करकरत होते. देवळाचा चुना लांबूनच पांढरा दिसायला लागला होता.

"अनसेला बी फसवली," ते एकदम म्हणाले.

ताई थांबल्या.

"भाचीच्या लग्नात नवी साडी नेसून आली. म्हणाली, दुनियेचं काढता, माझा एक काढा की. रोलात चारच राहिलेलं, सप्तपदी व्हायची होती. मारला नुसता फ्लॅश. महिन्यानं इचारलं, माझा फोटो कुठाय? म्हनलं, धुताना खराब झाला. 'असू द्या,' म्हणाली. त्यानंतर जवाजवा मी कॅमेरा धरला तवा हसत इचारायची, आज खरा हाय का नुसता उजेड?"

"त्यांना कळलं होतं तर."

"बाईमाणसाला कळत न्हाई असं काय असतंय?"

सावलीला एक दगड होता. मामा त्यावर बसले. पुढचं त्यांनी ताईंकडं न बघता सांगितलं. गेल्या वर्षी एके दिवशी अनसाबाईंना पुण्याला दवाखान्यात न्यायची गाडी यायची होती. पाऊस भरून आला होता, दारात अंधारलं होतं. त्या उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. स्वतः म्हणाल्या, "आणा तुमचं डबडं. काढा एक. परत येते न येते." मामांनी कॅमेरा आणला, फ्लॅशगन चढवली. त्या पदर सारखा करून हसल्या. उजेड पडला. आणि गाडी आली.

त्या परत आल्या नाहीत.

"सम्राटच्या मोबाइलात हायत तिचे फोटो," मामा म्हणाले. सम्राट म्हणजे त्यांचा मुलगा, रांजणगावला कंपनीत. "पण समदे दवाखान्यातले. नाकात नळी, डोळं अर्धं उघडं. तो म्हणतोय, आबा, कम्प्युटरवर नळी काढून टाकू, साडी बी बदलून मिळती. मी म्हनलं, जी बाई अशी कधी दिसलीच न्हाई तिला हार घालू? माझ्याजवळ हाय तिचा फोटो. खरा. हसताना. असं मी समद्यांना सांगून बसलोय. वर्षश्राद्धाला लावायचा म्हणून फ्रेम बी आणून ठिवलीय."

"मग आता धुऊन येईलच की."

मामांनी उजव्या हाताचा आंगठा वर धरला आणि त्याच्याकडं बघत राहिले.

"तीस वर्षं ह्या आंगठ्यानं एकच काम केलं, ताई. रोल वाचवायचं. त्या दिवशी खटका दाबला का मागचं बटण दाबलं, मला सांगता येत न्हाई. उजेड पडला एवढंच ठावं. मसणातनं आल्यावर कॅमेऱ्यावरचा आकडा बघितला, तेहतीस. पण आधी बत्तीस हुता का तेहतीसच, ते ध्यानात न्हाई. कितीदा आठवून बघितलं. आवाज झाला का, ते आठवतोय, तर गाडीचा हॉर्नच ऐकू येतोय."

तेव्हा कुठं ताईंना कळलं, बाभळ का सुटली, अकरा महिने तीन फोटो का संपले नाहीत. बाराशे रुपयांचं कारण पुढं करून हा माणूस दिवस ढकलत होता. रोल भरत नाही तोवर धुवायचा नाही. आणि धुतला नाही तोवर त्यात अनसाबाई हसतच बसलेल्या.

त्यांनी मामांना पाण्याची बाटली दिली. मग दोघं उठले आणि उरलेली चढण चढले.

देवळात गर्दी नव्हती. पुजारी भंडारा लावून गावात गेलेला. ताईंनी नारळ ठेवला, डोळे मिटले, आणि स्वतःसाठी जे मागायचं होतं ते सोडून दुसरंच मागितलं. डोळे उघडले तेव्हा मामा गाभाऱ्यापुढं गुडघ्यावर बसून कॅमेरा लावत होते. या वेळी वाजलं. एक बिरोबाचा. बाहेर येऊन एक माळाचा, जिथं त्यांचे वडील मेंढरं बसवायचे.

"आता तुमचा," ते म्हणाले. "उभ्या ऱ्हावा. सातातला एक तरी देणं लागतो."

ताई दीपमाळेपाशी उभ्या राहिल्या. हसायचा प्रयत्न केला, तो त्यांना जमला नाही. खटका वाजला.

मामांनी पायरीवर बसून रोल मागं गुंडाळला. दांडी फिरवताना बारीक किरकिर येत होती. मग ती थांबली आणि दांडी नुसतीच फिरू लागली. त्यांनी मागचं झाकण उघडलं, रोल काढला, काळ्या डबीत घातला, झाकण दोनदा दाबून बघितलं. डबीला भंडारा लावला आणि ताईंच्या हातावर ठेवली. हात मात्र लगेच उचलला नाही.

"ताई, तुम्ही देवाधर्माच्या, तुमाला खोटं बोला म्हणू नये," ते म्हणाले. "पण ती निघाली तर फोन करा, वर्ग चालू असला तरी करा. आन् न्हाई निघाली, तर मला तसं सांगू नका. रोल यष्टीत ऱ्हायला म्हणा. पिशवी चोरीला गेली म्हणा. मी भांडंन तुमच्याशी, दारात येऊन बोलंन, गावात नाव ठिवंन. तेवढं सोसा. तुमच्यावर रागवून मला जगता येईल, ताई. माझ्यावर रागवून न्हाई यायचं."