लिफाफा बंदच होता

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली. राणीसावरगावच्या एका म्हातारीचं प्रकरण मात्र आजही जसंच्या तसं आठवतं.

निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. मी तालुक्याच्या ठाण्यात नवा अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. एका दुकानदारानं खबर दिली की, शेळ्या राखणाऱ्या या म्हातारीचा एकुलता एक मुलगा सरहद्दीपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत सामील झालाय आणि आईला पत्रं पाठवतो. वरून हुकूम आला: पत्रं उघडून पाहा, मुलगा गावात आला की धरा. ठाण्यात मराठी वाचणारा मीच, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत वाफेवर लिफाफा धरायचा, डिंक सुटला की मजकूर उर्दूत उतरवायचा, पुन्हा चिकटवून रवाना करायचा. नक्कल दर आठवड्याला वर जाई. त्या पत्रांत राजकारण औषधालाही नसे. ‘काळ्या शेळीला पाला कमी पडू देऊ नको. गुडघ्याला तेल लाव, आळस करू नको. मास्तर पत्र वाचायला आला की त्याला ताक दे.’ माझी आई मी लहान असतानाच गेली होती. खरं सांगतो, मी त्या पत्रांची वाट पाहू लागलो.

एकदा म्हातारीची चौकशीही केली.

“मावशी, लेक कुठं आहे?”

“तुमी सरकार. तुमालाच ठावं असंल.”

“पत्र येतं का?”

“येतंय की. शेळ्यांचं इचारतो. तुमचं न्हाई इचारत.”

माझ्यासोबतचे जवान तोंड फिरवून हसले.

मग ते पत्र आलं. ‘येत्या सोमवारी येतो. भाकरी करून ठेव.’ चिकटवताना ओल्या लिफाफ्याचा कोपरा फाटून माझ्या बोटांत राहिला. डाक निघायच्या बेतात होती. मी लिफाफा तसाच थैलीत टाकला.

दोन दिवसांनी गस्तीवरून आलेला जवान म्हणाला, “साहेब, त्या घरी रडारड चाललीय.”

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे कुणी गेल्याचं पत्र कोपरा फाडून पाठवतात. ते घरात घेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. वाचणारा मास्तर परगावी गेलेला. म्हातारीनं कोपरा पाहिला आणि हंबरडा फोडला.

घोडं काढून मी भरदुपारी तिच्या अंगणात पोचलो. बायका कोंडाळं करून बसल्या होत्या. कुणालाही न जुमानता मी म्हणालो, “मावशी, उठा. तुमचा लेक जिता आहे. सोमवारी येतो म्हणतोय, भाकरी करून ठेवायला सांगितलंय.”

रडणं थांबलं. म्हातारी उठली. मग अंगणाच्या कडेला दगडाखाली ठेवलेला लिफाफा तिनं उचलला, उलटापालटा केला.

“सायेब, ह्यो तर बंदच हाय.”

तिनं लिफाफा माझ्यापुढं धरला.

“माह्या लेकाचं बोलणं माह्या आदुगर तुमी ऐकायलाव व्हय? कव्हापासून?”

“चार महिने.”

“मंग गुडघ्याचं बी ठावं तुमाला?”

मी मान हलवली. शिव्यांची वाट पाहत होतो. तिनं आत जाऊन तांब्याभर ताक आणलं. “घ्या. लेक जिता हाय हे सांगाया आलाव, कोरडं कसं धाडू?” मी प्यायलो. मग ती म्हणाली, “सोमवारी कितीजण येताव? तेवढ्या भाकरी थापते.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतका नेमका प्रश्न कुठल्या वकिलानं विचारला नाही.

ठाण्यात परतून मी त्या पत्राची अजून वर न गेलेली नक्कल फाडली आणि रोजनामच्यात लिहिलं: ‘घरगुती मजकूर, आक्षेपार्ह काही नाही.’ सोमवारी दुसऱ्या बाजूच्या गावांच्या तपासणीला गेलो. तो आला की नाही, मी कधी विचारलं नाही.

पुढे राज्य बदललं, गणवेश बदलला. दुसऱ्याची पत्रं वाचायची सरकारची भूक मात्र तीच राहिली. संशय असेल तर दार वाजवा, वॉरंट दाखवा, समोरासमोर झडती घ्या. चोरून वाचणारा घरात शिरतो आणि घराला पत्ता लागत नाही, हा अन्याय आहे. मी तर ती पत्रं मायेनं वाचत होतो. पण माझ्या मायेनं ती माझी झाली नाहीत.

त्या सोमवारनंतर महिन्याभरानं त्याच अक्षरातला आणखी एक लिफाफा आला. मी तो तसाच थैलीत टाकला. त्यात काय लिहिलं होतं, मला आजतागायत माहीत नाही.