कोरायचं राहिलेलं नाव

रिवका झिराडकर मँचेस्टरच्या एका म्युझियममध्ये खुर्चीवर बसायची आणि बसण्याचाच पगार घ्यायची. असं ती स्वतःच सांगे. गेल्या हिवाळ्यात तिची खुर्ची इजिप्तच्या थडग्याच्या दाराशी आली. थडगं खरं नव्हे. डोंगरात खोदलेल्या एका खऱ्या थडग्याची, आत शिरता येईल एवढी फायबरची प्रतिकृती. आणि ते मूळ थडगंही अर्धवट सोडलेलं. चित्र नाही, अक्षर नाही, मागची भिंत मध्येच थांबलेली, छिन्नीचे घाव तेवढे उघडे. लोक आत डोकावत, 'एवढंच?' असा चेहरा करून ममी बघायला पळत. रिवकाला राग यायचा. एवढी माणसं खपली इथं, जरा बघा की मेल्यांनो! अलिबागकडच्या बेने इस्राएल ज्यू घरातली ती. दरवर्षी पेसाखच्या सणाला 'आम्ही मिसर देशात गुलाम होतो' म्हणत वाढलेली; मिसर म्हणजे हाच इजिप्त. ते घाव तिला घरच्यांचेच वाटायचे, मग इतिहास काहीही म्हणो.

घरी शालोम होता. जन्मभर थडग्यांचे दगड कोरलेला तिचा नवरा आता माणसं विसरत चालला होता. मुलीला, टालियाला, तो केव्हाच नर्स समजू लागला होता. रिवकाचं नाव मात्र रोज एकदा तरी घ्यायचा आणि तेवढ्यावर ती दिवस ढकलायची. गेल्या आठवड्यापासून तेही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

म्हणून सोमवारी, म्युझियम बंद असताना, सिक्युरिटीच्या नीनाला मस्का लावून तिनं त्याला तिथे आणलं. छिन्नीचं काम बघून तरी काही आठवेल.

शालोम आत शिरला आणि मागच्या भिंतीला कान लावून उभा राहिला.

"आत काम चालू आहे," तो म्हणाला.

"अहो, फायबर आहे ते. मागे टॉयलेटचे पाइप्स आहेत. हीटिंग ऑन झालं की वाजतात."

तरी तिनं कान लावला. टक्. टक्. मग जरा थांबून, कोणीतरी फुंकर मारून धूळ उडवल्यासारखा आवाज. पाइप काही फुंकर मारत नाही. रिवकानं झटकन कान काढून घेतला.

"अहो, चला घरी."

तो हलला नाही. भिंतीवरून तळवा फिरवत राहिला, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच त्याचा हात थरथरत नव्हता. मग तो वळला आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा तसा अदबीनं बोलला.

"मॅडम, सगळं रेडी आहे. माणसं नावासाठी थांबलीत. घरच्यांनी तोंडानं सांगितल्याशिवाय आम्ही नाव कोरत नाही, पहिल्यापासून तशी पद्धत आहे. काय नाव लिहायचं?"

आतली टकटक बंद झाली होती.

जिवंत माणसाचं नाव थडग्यासाठी सांगू नये, हे तिला कळत होतं. पण ते नाव त्याच्या ओठांवर यायला दुसरी वाटही दिसत नव्हती.

"रिवका," ती म्हणाली.

"रिवका," शालोम म्हणाला. लग्नाआधी म्हणायचा तसं, किती गोड म्हणाला!

भिंतीपलीकडे छिन्नी पुन्हा चालू झाली. रिवकाला ती स्पष्ट ऐकू येत होती, आणि तरी तिनं त्याचा हात घट्ट धरून म्हटलं, "अहो, अजून एकदा म्हणा ना."