लवूभाऊंचा बदली पंखा

लवूभाऊंचा पंखा मी भंगारात दिला. चुकून दिला असं म्हणायचीही सोय नाही, कारण देताना मी फोटो काढून घेतलाय. फोटोत मी पंखा छातीशी धरून असा हसतोय, की बघणाऱ्याला वाटावं याला नातू झाला.

आधी तो पंखा माझ्या घरी आला कसा, ते सांगतो. तोही माझाच पराक्रम. यंदा मार्चमध्येच पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या बेडरूमची भट्टी झाली. पंखा हळू फिरत होता. धूळ बसली असेल, असं निदान करून मी स्टुलावर चढलो आणि कुंड्यांना पाणी मारायच्या पंपाने त्याला साबणाच्या पाण्याची आंघोळ घातली, मोटारीसकट. अर्ध्या तासाने बटण दाबलं. माझी बायको संपदा धुराकडे बघत म्हणाली, "उटणं लावायचं राहिलं वाटतं."

मग लवूभाऊंना फोन केला.

लवूभाऊ मूळचे राजापूरकडचे. जेसल पार्कमध्ये एका जिन्याखाली त्यांचा गाळा आहे. गाळा म्हणजे काय, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. काम एकच, जळलेल्या पंख्याची कॉइल नव्याने भरून देणं. पण त्यांची एक रीत होती, जी मी दुसऱ्या कुठल्या कारागिराकडे पाहिली नाही. तुमचा पंखा दुरुस्तीला नेताना ते त्याच हुकाला स्वतःचा एक पंखा टांगून जायचे. त्याला ते 'बदली' म्हणत. असे चार बदली पंखे त्यांच्याकडे होते. कोणाच्या घरात राहून गेला तर ओळखता यावा, म्हणून प्रत्येकाच्या हूक झाकणाऱ्या वरच्या वाटीवर हिरव्या ऑइलपेंटने एक पान काढलेलं.

"उकाड्यात माणसाला बिनपंख्याचं ठेवू नये," लवूभाऊ सांगायचे. "सुलूचं म्हणणं. माझं नाय."

सुलू त्यांची बायको. पानं तिनेच रंगवलेली, आणि खरं सांगायचं तर निम्म्या कॉइलीही तीच भरायची. आमच्या सोसायटीचं काम लवूभाऊंचं, बदलीचं आणि बाकीचं तिचं. गाळ्यासमोर पाटावर बसून तार गुंडाळताना ती वेढे मोजायची, आणि मोजताना कोणाशी बोलायची नाही. बोललंच कोणी, तर पुढचा आकडा हेच उत्तर. लवूभाऊंनी विचारावं, "चहा टाकू काय गो?" तर ती म्हणणार, "दोनशे बारा." मी एकदा "बऱ्या आहात ना, वहिनी?" असं विचारलं, तर "नव्वद" म्हणाल्या. लवूभाऊ म्हणाले, "साहेब, तुम्हाला शंभरातले नव्वद दिले, खूश व्हा."

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सुलूवहिनी गेल्या. पत्र्याच्या खोलीत ताप डोक्यात चढला आणि तीन दिवसांत सगळं संपलं. तेव्हापासून लवूभाऊ एकटेच भरतात आणि एकटेच मोजतात. डोळेही अधू झालेत. यावेळी माझा पंखा नेताना म्हणाले, "पंधरा दिवस लागतील, साहेब. आता आकडा मधेच विसरतो. पहिल्यापासून मोजायला लागतं."

बदली टांगून ते गेले. आणि त्याच पंधरा दिवसांत मी पृथ्वी वाचवायला घेतली.

आमच्या सोसायटीत एक हरित समिती आहे. मी तिचा अध्यक्ष, कारण सभेला मी एकटाच वेळेवर गेलो होतो. मी अभ्यास करून भाषण ठोकलं. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, नवा अठ्ठावीस. म्हणजे आपण छताला शेगडी टांगून वारा मागतोय! हे खोटं नव्हतं, आजही नाही. वीजबिल खरंच उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि 'जुना द्या, नवा घ्या' असा रविवार ठरला. समोरच्या हंसाबेन तेवढ्या कुरकुरल्या, "लवूभाई ने अभी तो बनाके दिया है. मस्त चलता है."

मी म्हटलं, "हंसाबेन, पृथ्वी का सोचो."

त्यांनी माझ्याकडे बघत पृथ्वीचा थोडा वेळ विचार केला आणि पंखा दिला.

अध्यक्षाने उदाहरण घालून द्यायचं असतं. म्हणून रविवारी पहिले पंखे माझ्या घरातले उतरले. हॉलमधला, स्वयंपाकघरातला आणि बेडरूममधला. संपदा माहेरी होती, नाहीतर तिने टोकलं असतं. मी फोटो काढवून घेतला. फोटोत माझ्या हनुवटीखाली हिरवं पान स्वच्छ दिसतंय.

मंगळवारी लवूभाऊ माझा पंखा घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला. बेडरूममध्ये आले, मान वर केली. पांढराशुभ्र नवा पंखा बिनआवाजाचा फिरत होता.

"बरा आहे," ते म्हणाले. "आवाज नाय. बदली कुठाय?"

मी सांगितलं. सांगताना 'योजना', 'उपक्रम' असे शब्द वापरून पाहिले.

"नवा घेऊन देतो, लवूभाऊ. अगदी असाच, रिमोटवाला."

ते वरच बघत होते. "बाकीच्या तिघांच्या कॉइली जळल्या, मी परत भरल्या," ते म्हणाले. "माझ्याकडे सुलूच्या हातची तेवढी एकच राहिली होती. तिने भरलेली शेवटची."

"अहो, मग असा पंखा लोकांच्या घरी लावता कशाला?"

"मग काय कपाटात ठेवू? तिने फिरायला भरला ना तो?"

आम्ही रिक्षा केली. माझा पंखा त्यांच्या मांडीवर. भंगारवाला खाडीच्या बाजूला आहे. लांबूनच काळा धूर दिसला. वायरींवरचं प्लास्टिक जाळून तांबं मोकळं करत होते. वीज वाचली की वीजकेंद्रांचा किती धूर कमी होतो, तो भाषणात मी मोजून दाखवला होता. हा मोजायचा राहिला होता.

"पूनम सागर का माल?" भंगारवाला म्हणाला. "वो तो कल ही खोल दिया, साहब." त्याने कोपऱ्यात बोट दाखवलं.

एका बाजूला पात्यांची चळत, दुसऱ्या बाजूला कापलेल्या कॉइलींचा गुडघाभर ढीग. लवूभाऊ खाली बसले. एकेक झुपका उचलायचे, चष्म्याजवळ न्यायचे, अंगठा फिरवायचे आणि बाजूला ठेवायचे.

"ही माझी," ते म्हणाले. "ही पण माझी. ही हंसाबेनची, दिवाळीत भरलेली."

"वहिनींची कळेल?"

"कळेल ना. मी सैल भरतो. तिची घट्ट असायची, नख जायचं नाय."

मीही बसलो आणि नख घालून बघायला लागलो. माझं सगळ्यांत जात होतं. उन्हात तासभर गेला. बाजूला ठेवलेला ढीग वाढत गेला, आणि तो सगळा लवूभाऊंनीच आमच्या सोसायटीत वीस वर्षांत भरलेला होता. शेवटी भंगारवाल्यालाच दया आली. "अंकल, एक गाड़ी सुबह निकल गई. उसमें गया होगा."

वाटी मात्र सापडली. लवूभाऊंनी पानावरची काजळी सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि वाटी खिशात घालून पाहिली. ती मावेना, तर तशीच हातात धरून चालायला लागले.

थांबवून ठेवलेल्या रिक्षात माझा पंखा तसाच होता. मला राहवेना. म्हटलं, "लवूभाऊ, हा माझा पंखा तुमच्याकडेच राहू दे. बदली म्हणून. तुम्हीच भरलाय. त्याच्यावर हे पान लावू."

त्यांनी सुतळीची गाठ घट्ट आहे ना, ते पाहिलं आणि पंखा माझ्या हातात दिला.

"न्या तुमचा. मी लोकांची वस्तू ठेवून घेत नाय."