आमच्या गच्चीवरचा कर्टेल

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, 'कर्टेल' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ हैदराबादेतल्या आमच्या कुकटपल्लीच्या इमारतीपुरता बदलण्यात आला आहे. शब्दकोशवाल्यांनी नोंद घ्यावी. हरकत घ्यायची मुदत संपली आहे. ती मीच ठरवली होती.

आमच्या गच्चीवर रोज दुपारचा चहा झाला की बायकांची बैठक भरते. मी तिथे किस्से सांगते. नुसते सांगत नाही, करून दाखवते. ऑटोवाला, माझी नणंद, नणंदेचा कुत्रा, सगळी पात्रं मीच. हसण्याचा आवाज खाली जातो हे मला मान्य आहे. पण सर्वांत वरच्या मजल्यावर काही जणांचं ऑफिस घरातूनच चालतं, आणि त्यांच्या परदेशी साहेबांना ऐन मीटिंगमध्ये माझी नणंद ऐकू आली म्हणे. तक्रार सेक्रेटरीकडे गेली.

सेक्रेटरी आपल्यातलेच, जुन्या हैदराबादी मराठी घरातले. आजोबांपासून सरकारी नोकरी, त्यामुळे 'बायांनो, खाली जा' असं साधं बोलणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर इंग्रजीत सूचना टाकली की, सोमवारपासून गच्चीचा वापर कर्टेल करण्यात येईल. कोण करणार? पत्ता नाही. कर्ता गायब. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणायचे. इथे तो आमच्या कर्मावरच झाला होता.

मी लेकीला विचारलं. तिला मराठीचं पान दिलं की डोकं दुखतं, पण इंग्रजीत ती माझी वकील.

"कमी करणं मम्मी. आखूड करणं."

"मग टेलरकडे जाऊन माझ्या बाह्या कर्टेल करून आण."

"नक्को ना! बाह्या नाही कर्टेल करत. खर्च करतात, सुट्ट्या करतात, राइट्स करतात. तुझ्याकडे आहे ते वरचे लोक कमी करतात ना, तेव्हा."

म्हणजे हा शब्द किल्ली ज्याच्या हातात त्याच्याच तोंडी शोभतो. माझं टाळकंच सटकलं. भांडायचं, आणि तेही मोठ्या आवाजात, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

पण रविवारी गच्चीवर आल्या काकू. काकू म्हणजे सेक्रेटरींची आई. कोठीच्या जुन्या बाजारपेठेतलं घर सोडून त्या लेकाकडे राहायला आल्या. तिकडे खिडकीत उभं राहिलं की अख्खी गल्ली बोलायची. इथे लेक आणि सून दिवसभर दारं लावून लॅपटॉपशी बोलतात. काकूंशी बोलतो तो कुकर. त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते आमच्या बैठकीत. त्यांची खुर्ची पश्चिमेकडची, ऊन थेट डोळ्यांत. उन्हाळाभर त्या लेकाच्या मागे लागल्या होत्या, "बाळा, गच्चीला काही आडोसा कर रे."

तर त्या दिवशी काकू लिफ्टमधून बाहेर पडल्या त्याच मिरवत.

"ऐकलंस का पोरी? मी आज पुन्हा विचारलं, तर म्हणाला, 'हो आई, उद्यापासून गच्ची कर्टेल करतोय.' लेकानं ऐकलं माझं! कर्टेल लावतोय!"

त्यांना कर्टेल म्हणजे कर्टन, पडदा वाटला होता. शेजारच्या तेलुगू बाईंनी तोंड उघडलं, "नहीं आंटी, कर्टेल बोले तो..."

मी त्यांना असा चिमटा काढला की त्या कळवळल्या.

"बोले तो परदा," मी म्हणाले.

मग मला कोण अडवतं! सोमवारी सकाळी कोठीला जाऊन नायलॉनची दोरी आणि पडद्याच्या कड्या आणल्या. प्रत्येक घरातून एकेक जुनी साडी. दुपारी पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत पडदे लागले. माझ्या लग्नातला जांभळा शालू अगदी मधोमध, कारण तोही माझ्यासारखाच, मागे राहणाऱ्यातला नाही. मग मी ग्रुपवर लिहिलं, "गच्ची वेळेत कर्टेल केल्याबद्दल सेक्रेटरीसाहेबांचे आभार." ज्यांनी मूळ सूचना वाचलीच नव्हती त्या सगळ्यांनी धडाधड 'लाइक'चे अंगठे टाकले.

संध्याकाळी साहेब वर आले. हातात नवं कोरं कुलूप.

"वहिनी, हे काय आहे?"

"कर्टेल. तुमच्या नोटिशीप्रमाणे."

"त्याचा अर्थ असा होत नाही."

"इथे होतो."

"वहिनी, मला काय म्हणायचंय ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

"ठाऊक आहे ना! बायकांनी खाली जावं. मग तसं मराठीत म्हणा. आणि मला नका म्हणू, मी निर्लज्ज आहे, मी बसून राहीन. पडद्याच्या आत पहिल्या खुर्चीवर बसल्यात त्यांना म्हणा."

त्यांनी शालू बाजूला सारला. आत त्या दिवशी किस्सा मी सांगत नव्हते, काकू सांगत होत्या. कोठीच्या गल्लीतल्या कुठल्याशा भांडणाचा, दोन्ही बाजूंचे आवाज काढून, पदर कमरेला खोचून. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. साहेबांचा कुलूप धरलेला हात हळूहळू पाठीमागे गेला.

"आई," ते म्हणाले, "अगं, कर्टेल म्हणजे..."

सरकवलेल्या शालूतून ऊन सरळ काकूंच्या चेहऱ्यावर आलं होतं. त्यांनी कपाळावर हात धरला आणि गच्चीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "हौ हौ, ठाऊक आहे मला कर्टेल म्हणजे काय! जाताना ओढून घे तो, ऊन तोंडावर येतंय!"