जांभळ्या फडक्यातली बाई

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण पनवेलमधली एक किरकोळ चोरी मनातून जात नाही.

फिर्यादी बोटीवरचे निवृत्त इंजिनीअर. पत्नी वारलेली, मुलगी परदेशात. ठाणे अंमलदारासमोर बसून ते सांगत होते, "चित्र गेलंय. जपानी. लाकडी ठशावर छापलेलं."

चित्र होतं एका नटाचं, बाईच्या वेशातलं. तिकडच्या जुन्या रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषच करत. त्या नटांना कपाळावरचे केस कायद्याने भादरावे लागत, म्हणून तिथे जांभळं फडकं बांधत. तरुणपणी योकोहामाला घेतलेली अशी तीन चित्रं उजेडाने विटू नयेत म्हणून ते कपाटात ठेवत. कपाटाला कुलूप नव्हतं.

"घरी कोण येतं?"

"स्वयंपाकाच्या बाई. आणि जवळच्या कोन गावचे एक मित्र, संध्याकाळी चहाला. त्यांच्याबद्दल विचारूसुद्धा नका."

तक्रार अर्ज चौकशीला घेतला. बाईंना बोलावलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्या. "साहेब, चोरायचंच तर ते कागद कशाला? मिक्सर नेला असता. पण उद्या सोसायटीत कळलं की माझी चारही घरं सुटतील." मला ते पटलं. त्यांना घरी पाठवलं आणि चित्राचा मोबाईलवरचा फोटो हवालदाराकरवी गावातल्या दुकानांतून दाखवला.

आठवड्याभरात बाजारातल्या फ्रेमवाल्या चाचांचा फोन आला. "साहेब, तुमची तस्वीर माझ्याकडे आलीय. एक बुजुर्ग देऊन गेलेत. काच चांगली लावा म्हणाले."

चोर वस्तू विकतो, लपवतो, नाहीतर फेकून देतो. फ्रेम करून घेत नाही. मी वर्दी न घालता दुकानात जाऊन बसलो. चित्र न्यायला आले ते, गाव विचारल्यावर कळलं, इंजिनीअरांचे कोनचे मित्र.

त्यांना ठाण्यात आणलं, माझ्या खोलीत बसवलं. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"बाबा, हे चित्र कुणाचं?"

त्यांनी पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, "सायेब, त्यांचा हाय. पन त्याच्यातला मानूस मी हाय."

तरुणपणी गावच्या नाटकांत ते बायकांची कामं करत. आपटा गावापासून उरणजवळच्या मोरा बंदरापर्यंतची माणसं त्यांना बघायला यायची. नवं घर बांधलं तेव्हा मुलाने लुगडी, गंगावन, फोटो, सगळं जाळलं. लोक हसतात म्हणून.

"बायको होती तवर ती तरी बोलायची त्याबद्दल. आता कोनाला ठावं बी नाय."

"मग मित्राकडे मागायचं ना! त्यांनी दिलं असतं."

"मागितला असता तं इचारला असता, कशाला पायजे. काय सांगनार व्हतो? एवढी वरसं चा प्यालो, ह्यो कदी बोललो नाय."

इंजिनीअरांना बोलावून बाहेरच्या टेबलापाशी सगळं सांगितलं. त्यांनी तिथेच जबाब लिहून दिला, माझी तक्रार नाही. पुढे बाईंचीही त्यांनी माफी मागितली. पण त्या दिवशी ते माझ्या खोलीत येईपर्यंत मित्र मागच्या दाराने निघून गेले होते.

अर्ज निकाली निघाला. पुढे इंजिनीअर दोनदा ठाण्यात आले. "साहेब, तुम्ही सांगून बघा. चित्र घेऊन जा म्हणावं, पण या म्हणावं. चहा दोघांचाच टाकला जातो अजून."

हे पोलिसाचं काम नव्हे. तरी मी कोनला गेलो. म्हातारबाबा ओटीवर एकटेच बसले होते. निरोप ऐकून त्यांनी मान हलवली.

"नाय सायेब. आता मी गेलो तं त्यानी कपाटाला कुलूप लावलेला दिसंल, नायतर माज्यासाठी मुद्दाम उगडा ठेवलेला दिसंल. दोनीपैकी काय बी बगवनार नाय."

मी ओटीवरून उठलो.

तपास चोख झाला असंच वरिष्ठ म्हणाले. चित्र जसंच्या तसं परत मिळालं होतं, साधी सुरकुतीही नव्हती. त्यानंतर हरवलेली वस्तू शोधताना मी आधी विचारायला शिकलो, की ती सापडली तर कोणाचं काय जाईल. दोन म्हातारे पनवेल आणि कोनमध्ये, रिक्षाच्या अंतरावर, आपापल्या घरी एकटे चहा पीत राहिले.