काकांची मेथी आणि शेजारची शेळी

भाजीवाले काका बैठकीला कधी रिकाम्या हाताने आले नाहीत. उंद्रीहून एसटीने बुलढाण्याला यायचे ते काखेत सतरंजी आणि हातात शेतातल्या भाजीची पिशवी घेऊन. दारू सोडू पाहणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांची बैठक दर रविवारी संध्याकाळी सहाला एका शाळेच्या मागच्या खोलीत भरते. तिथे कुणी कुणाचं पूर्ण नाव विचारत नाही. त्यामुळे ज्या माणसाच्या जिवावर मी आज शुद्धीत आहे, त्याचं आडनावसुद्धा मला ठाऊक नाही.

त्यांची ओळख माझ्या फजितीतून झाली. मी एका कचेरीत कारकून. हात असे थरथरायचे की आवक-जावकच्या वहीत ओळ घाट चढायची. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, माहेरी जायची बॅग भरून दाराशी ठेवली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बैठकीचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. दोन रविवार मी शाळेच्या फाटकावरूनच माघारी फिरलो. तिसऱ्या रविवारी धीर करून आत शिरलो आणि पहिली जी खोली उघडी दिसली तिच्यात जाऊन बसलो. चाळीस-पन्नास माणसं होती. समोरच्या गृहस्थांनी बोलणं संपवून विचारलं, "कुणाला काही बोलायचं आहे का?" मी उठलो, डोळे मिटले आणि सांगून टाकलं, "मी दारुडा आहे. मला दारू सोडायची आहे."

डोळे उघडले तर भिंतीवर ठिबक सिंचनाचा तक्ता. ती शेतकऱ्यांची सभा होती. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तेवढ्यात मागच्या रांगेतून पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उठले.

"हे आमच्यातले हायेत," ते सभेला म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "चाला भाऊ, आपली खोली मागं हाय. मी बी सहा वाजेलोक नळ्यांचं ऐकत बसलो होतो."

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आमचे लोक दहा जणांपुढं बोलाले महिना लावतात. तुमी पन्नास जणांपुढं बोलले. आता काऊन भेता?"

काकांची दारू सुटून बारा वर्षं झाल्याचं मला इतरांकडून कळलं. त्यांना विचारलं की एकच उत्तर, "आज सकाळपासून सोडली हाय." पुढच्या रविवारी विचारा, तेव्हाही सकाळपासूनच. सुरुवातीला मला हा चावटपणा वाटे. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढं तर मलाही जमण्यासारखं होतं, आणि मी तेवढंच करू लागलो.

नव्या माणसाला ते पिशवीतली भाजी देत. "दारुड्या घरी आला का घरचे पह्यले त्याचे हात पाह्यतात," ते म्हणत. "हातात भाजी दिसू द्या." मला मेथीची जुडी मिळाली. सुनंदाने दारातच वास घेतला, मेथीचा नव्हे, माझा. मग जुडी उचलली आणि कुंपणावरून शेजारच्या शेळीपुढे टाकली. लाच समजली असावी. माझ्या आधीच्या शपथा पाहता तिचं काही चुकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी काकांनी विचारलं, "भाजी कशी झाली?" मी म्हणालो, "एक नंबर." असे चार रविवार गेले. शेळी अंगाने भरली. मी गल्लीत वळलो की ती ओरडून स्वागत करायची. घरात तेवढं स्वागत अजून नव्हतं. दाराशी बॅग तशीच भरलेली होती. पाचव्या रविवारी मला राहवेना. भर बैठकीत कबूल केलं की भाजी शेळी खाते.

सगळे हसले. काका तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग उपरण्याने डोळे पुसून म्हणाले, "माही भाजी चार महिने म्हशीनं खाल्ली. आपण घरच्यायले इतकी वर्षं फसवलं, ते काय एका जुडीनं इस्वास ठेवतीन? देऊ द्या शेळीले. तुमी नेत राहा."

मी नेत राहिलो. एका रविवारी सुनंदाने वास घेतला, जुडी हातात तोलली आणि ती घेऊन स्वयंपाकघरात गेली. बाहेर शेळी ओरडत राहिली. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. मी तीनदा वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दाराशी बॅग नव्हती.

गेल्या वर्षी काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला. इथल्या त्यांच्या शेवटच्या बैठकीला त्यांनी सतरंजी माझ्या काखेत दिली. "उंद्रीत चौघं जमले हायेत, मी आता तिकडंच बसतो. इथलं तुमी पाहा."

"पण काका, मला शेत कुठं आहे?"

"परस तं हाय ना?"

त्यांना बसवून दिल्यावर एसटी दिसेनाशी होईपर्यंत मी स्टँडवर लहान मुलासारखा रडलो. आता परसात मेथीचे दोन वाफे आहेत. ते सुनंदाने केले आहेत आणि रविवारी जुडी बांधून माझ्या हातात तीच देते.

परवा एक नवा माणूस आला. निघताना मी त्याला जुडी दिली, तर तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, माह्या हातचं घरी कोणी काही घेत नाई."

मी विचारलं, "शेजारी शेळी आहे का?"

तो गोंधळून हो म्हणाला.

"मग झालं," मी म्हणालो, "नेत राहा."