मोठ्या बाबांचा डावा खांदा

मी आजवर एकच चित्रपट काढला, आणि त्याच्या नायकाला मिळालेला पुरस्कार एका कावळ्याने अडवून धरला.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे सौसरच्या कॉलेजात फळ्यावर ‘लघुपट स्पर्धा, विषय : आपल्या घरातील थोर व्यक्ती’ असं वाचलं, तेव्हा ती सूचना खास माझ्यासाठीच लिहिली आहे असं मला वाटलं. (बाकीच्यांनी फळा वाचलाच नव्हता, हे नंतर कळलं.) थोर व्यक्ती म्हणजे माझे मोठे बाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ शामराव. ते मागच्या उन्हाळ्यात वारले. त्यांची थोरवी काय, असं सरांनी विचारलं तेव्हा मी अडखळले. संत्र्याची बाग लावली, जन्मभर खोकले, आणि सगळं घर नको म्हणत असताना ‘पोरगी सौसरले जाईन म्हणजे जाईन’ असं एकदाच म्हणून माझं नाव कॉलेजात घालायला लावलं. एवढंच होतं. पण माझ्यासाठी एका चित्रपटाला ते पुरेसं होतं.

अडचण नायकाची होती. पहिला मान बाबांना दिला, सख्खा भाऊ म्हणून. पण मोबाइल समोर धरला की बाबा आधार कार्डाच्या फोटोसारखे उभे राहायचे. ‘चाला’ म्हटलं की उजवा हात आणि उजवा पाय एकदम पुढे. मी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा बाबांनीच मला सांगितलं की शिक्षणाने माणूस उद्धट होतो.

हे सगळं धुऱ्यापलीकडून गुलाबराव काका पाहत होते.

गुलाबराव काका म्हणजे शेजारचे शेतकरी आणि मोठ्या बाबांचे हाडवैरी; दोघांची घरंही शेतातच, हाकेच्या अंतरावर. दोन्ही शेतांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, संत्र्याचं एक झाड आहे. ते कोणाचं, यावरून त्या दोघांचं बोलणं माझ्या जन्माआधीच बंद पडलं होतं. बोलणं बंद म्हणजे भांडण चालू, पण बैलामार्फत. मोठे बाबा आमच्या ढवळ्याला सांगायचे की काही लोकांनी दुसऱ्याच्या झाडाकडे पाहून लाळ गाळू नये. पलीकडून काका आपल्या बैलाला सांगायचे की काही लोकांचा धुरा दर पावसाळ्यात आपोआप सरकतो. बैल बिचारे दोन्हीकडचं ऐकून रवंथ करायचे.

तर त्या दिवशी भर दुपारी काका धुऱ्याजवळ आले आणि मी समोर उभी असताना आमच्या बैलाला म्हणाले, “ढवळ्या, सांग त्या पोरीले. शाम्या असा नाही चाले. त्याचा डावा खांदा पह्यले निंगे, मांगून बाकीचा शाम्या ये.”

आणि त्यांनी चालून दाखवलं.

वारा नव्हता. कापसाचं पान हलत नव्हतं. डावा खांदा आधी निघाला, मग मान, मग उरलेला माणूस. मध्येच थांबून दोन आखूड आणि एक लांब खोकला.  सावलीत बसलेला ढवळ्या उठून उभा राहिला, जसा तो फक्त एकाच माणसासाठी उभा राहायचा.  बाबांनी डोक्यावरची मोठ्या बाबांची टोपी काढली आणि धुऱ्यावर ठेवली.

जन्मभर एखाद्या माणसाकडे इतकं बारीक लक्ष फक्त वैरीच देतो, हे मला तेव्हा कळलं. आम्ही प्रेम करणारे लोक; आम्ही कुठे नीट पाहिलं होतं!

दुसऱ्या दिवसापासून काका आमच्या अंगणात शूटिंगला येऊ लागले आणि घरात विचित्र प्रकार सुरू झाले. मोठ्या बाबांचा दोरा बांधलेला चष्मा त्यांनी नुसता दाखवायला म्हणून चढवला, तर त्यांना त्यातून पंचांग वाचता येऊ लागलं. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली, डोक्यावर पदर घेतला आणि न विचारता बिनसाखरेचा चहा पुढे ठेवून आत गेली. (मोठ्या बाबांना शुगर होती. गुलाबराव काका चहात तीन चमचे साखर घेणारे.) काकांनी तो चहा बशीत ओतून शांतपणे प्यायला. मी ‘कट’ म्हटलं. ते थांबले नाहीत.

मग झाडावरून झालेल्या भांडणाचा प्रसंग आला. शामराव झाले होते गुलाबराव, म्हणून गुलाबराव व्हायला बाबांना उभं केलं. स्क्रिप्ट नव्हती, दोघांना भांडण तोंडपाठ आहे, अशी माझी समजूत. काका मोठ्या बाबांच्या आवाजात गरजले, “गुलाब्या, हे झाड कोणं लावलं? म्या. पाणी कोणं टाकलं? म्या. तू तं त्या साली मामाच्या घरी तिगावले व्हता.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खऱ्या गुलाबरावांकडे याला पन्नास उत्तरं होती. बाबांना एकही आठवेना. शेवटी ते हात जोडून म्हणाले, “बराबर आहे भाऊ. झाड तुमचंच.”

पलीकडे काकांची बायको, पार्वताकाकू, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन उभी होती. तिने तो खाली टाकला. “अवो, तुमी कोणाकडून भांडून राह्यले?”

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही बाई कोणाची कोण. पार्वताकाकूने भारा तिथेच सोडला आणि ती घरी निघून गेली.

शूटिंग संपलं. मी दिग्दर्शक म्हणून सगळ्यांचे आभार मानले, पण भूमिकेने काकांचे आभार मानून त्यांना मोकळं केलं नाही. आठवड्याभराने पार्वताकाकू आमच्याकडे आली ती रडवेली होऊन. म्हणे रोज सकाळी ओसरीवर बसून तस्सेच खोकतात, बिनसाखरेचा चहा मागतात, आणि स्वतःच्याच वावराकडे बोट करून ‘तो गुलाब्या चोर आहे’ म्हणतात. “माह्या घरात बसून माह्याच नवऱ्याले शिव्या देते,” ती मला म्हणाली. “मी आता नवऱ्याची बाजू घेऊ तं कोणासंग भांडू?”

या प्रश्नाचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

पोळ्यानंतर स्पर्धा झाली. चित्रपट गाजला. खरंच गाजला, मी कशाला खोटं सांगू. तोवर तो मोबाइलवरून गावोगाव फिरला होता. रामाकोन्याच्या आत्याने तो पाहून फोन केला आणि रडत रडत विचारलं की दादाची तब्येत आता कशी आहे. पांढुर्ण्याहून आलेल्या परीक्षकांनी उत्कृष्ट चरित्रपट म्हणून आमचं नाव घेतलं, आणि उत्कृष्ट अभिनेता म्हणून गुलाबरावांचं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारी काका स्वस्थ बसून राहिले. पुन्हा नाव पुकारलं. ते मान वळवून मागे कोणी उठतंय का ते पाहू लागले. मग बाबांच्या कानाशी वाकून म्हणाले, “आला नसन तो. त्याले कोण बक्षीस देते?”

बाबांच्या हातातलं पाण्याच्या बाटलीचं झाकण खाली पडलं. मी काकांचा हात धरून त्यांना व्यासपीठावर नेलं. सगळ्या कॉलेजसमोर त्यांचा डावा खांदा आधी वर पोहोचला.

शील्ड बाबांनी परस्पर आमच्या घरी आणली आणि मोठ्या बाबांच्या फोटोजवळ ठेवली. तेव्हापासून आमच्याकडे एकच विषय. या कामाला पुरस्कार शोभतो का? बाबांचं मत ठाम होतं : “ऐक्टिंग म्हणजे नाही ते दाखवणं. यानं तं आहे तेच दाखवलं. याच्यात कायचं बक्षीस?” पार्वताकाकू धुऱ्यापलीकडून म्हणाली की मग तुम्हीच दाखवायचं होतं आहे ते, तुम्हाला तर तेही जमलं नाही. माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की पुरस्कार योग्यच आहे, फक्त तो घ्यायला अजून कोणी परत आलेलं नाही.

 मोठ्या आईने पितृपक्षाची वाट पाहिली.

मोठ्या बाबांच्या तिथीला वडे, कढी, तांदळाची खीर झाली. अंगणाच्या भिंतीवर पळसाच्या पानावर घास ठेवला. मोठी आई उपाशी. कावळा शिवल्याशिवाय पाणीही घेणार नाही म्हणाली. गोठ्याच्या कवेलूवर, म्हणजे कौलांवर, एक कावळा येऊन बसला. त्याने पानाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि बसून राहिला. उडेना, उतरेना. ओरडेनाही. दुपार डोक्यावर आली. कढीवर साय धरली.

“त्याईले राग आला,” मोठी आई म्हणाली. “त्याईचं बक्षीस भलत्याले गेलं.”

बाबांनी हात जोडून कावळ्याला सांगितलं की शील्ड गुलाबरावला देत नाही. कावळा हलला नाही. बाबांनी बाजू बदलली. शील्ड आजच्या आज गुलाबरावला देतो. कावळा हलला नाही. मी म्हटलं, बाबा, चित्रपटच सगळीकडून काढून टाकू का? तेव्हा कावळ्याने माझ्याकडे एकच डोळा करून असं पाहिलं की मी मोबाइल पदराआड लपवला. (पदर मोठ्या आईचा होता. मी ड्रेसमध्ये होते.)  

“त्याले बोलवा,” शेवटी मोठी आई म्हणाली.

काका आले. टोपी नव्हती, चष्मा नव्हता. मोठ्या आईने फोटोजवळची शील्ड आणून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. कावळ्याकडे पाहिलं, आणि अर्थातच ते गोठ्यातल्या बैलाशी बोलले.

“ढवळ्या, सांग त्याले. शील्ड त्याचीच व्हय. म्या काई ऐक्टिंग नाही केली. तो गेल्यापासून भांडाले कोणी नाही. मंग म्या म्हटलं, दोन्हीकडून आपणच भांडून पाहू.”

 बाबांनी तोंड फिरवलं. कावळा तसाच.

काका वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. “अन् हेही सांग,” ते म्हणाले, आणि या वेळी आवाज त्यांचा स्वतःचा होता, “का झाडाचं म्या कबूल नाही केलं. ते पिक्चरमधलं व्हतं. झाड माह्यं आहे.”

कावळा ओरडला. कवेलूवरून थेट भिंतीवर उतरला आणि पानाच्या दिशेने चालू लागला. डावा पंख थोडा पुढे. मग मान. मागून बाकीचा कावळा.

मोठ्या आईने डोक्यावर पदर घेतला. ढवळ्या गोठ्यात उभा राहिला. कावळ्याने वडा उचलला, काकांकडे एकदा पाहिलं आणि धुऱ्यावरच्या झाडावर जाऊन खात बसला.

“पाह्य,” बाबा हळूच म्हणाले. “याले म्हणते ऐक्टिंग.”

त्या दिवशी काका आमच्या पंगतीला बसले. मोठ्या आईने त्यांना चहा दिला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “वयनी, साखर टाका जरा.” धुऱ्यापलीकडून ते ऐकून पार्वताकाकू मोठमोठ्याने रडू लागली. शील्ड मोठ्या बाबांच्या फोटोजवळ राहिली. भांडण पुन्हा बैलामार्फत सुरू झालं आहे. मोठ्या बाबांची बाजू आता मोठी आई सांभाळते.

आणि मी? मी दिग्दर्शक. काका आल्यापासूनचा सगळा प्रसंग मी मोबाइलवर टिपत होते. एकही क्षण सोडला नाही. मात्र कॅमेरा सेल्फीचा लागला होता. कावळा नाही, काका नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझं उघडं तोंड. पण तोंडामागे, कावळा घासाला शिवतो त्या क्षणी, स्पष्ट ऐकू येतं : दोन आखूड खोकले आणि एक लांब. काका शपथेवर सांगतात, मी नव्हतो. बाबांना तर तो खोकला कधी जमलाच नाही.

भीत भीत मी ती चित्रफीत सरांना दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली. म्हणाले, “दिग्दर्शन शून्य. छायाचित्रण त्याहून कमी. पण तो खोकणारा माणूस कोण आहे? यंदा त्यालाच घ्यायला हवं होतं.”